जिन्यातले बाबा

बाळकुम, ठाणे
९ फेब्रुवारी २०२५

शौनकदादा,

शि. सा. न. वि. वि. मधलं फक्त एक 'वि.' घे, विनंतीचा. बाकीचं द्यायची आज माझी इच्छा नाही. व्हॉट्सॲपवर तुला मीच ब्लॉक केलंय आणि ते तसंच राहणार आहे, म्हणून हा कागद. कोपरला आपल्या घरी पोस्टमन अजून येतो असं धरून चालते.

काल ॲनेटबरोबर ठाकुर्लीला गेलेले. ॲनेट म्हणजे माझी इथली शेजारीण, बाबांच्या वर्षश्राद्धाला केक घेऊन आलेली ती. तिची मावशी तिथे राहते. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने चढत होतो. आता आपल्याकडचा जिना तुला काय सांगायचा. प्रत्येक वळणावर गुडघ्याच्या उंचीवर देवांच्या टाइल्स. गणपती, शंकर, मक्का-मदिना, येशू, सगळे एका ओळीत पहाऱ्याला बसवलेले, का तर लोकांनी कोपऱ्यात पिचकारी मारू नये. देवांना आपण हेच काम दिलंय. दुसऱ्या वळणावर ॲनेट थांबली नि तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, "यो कोन गो नवीन देव?"

मी वाकून बघितलं. गणपती आणि येशूच्या मधे आपले बाबा बसलेले.

नाक तेच. आजारपणात वाढलेली दाढी तीच. कान तोच. डोक्यामागे पिवळंजर्द वलय आणि खाली 'श्री बाबा प्रसन्न'. टाइलच्या कडेला कुणीतरी चुन्याचं बोट पुसलेलं. येताना त्या वळणावर मान फिरवून उतरले.

हे चित्र जगात एकच होतं. मी केलेलं, फ्रेम करून वर्षश्राद्धाला आईला दिलेलं. आणि तू ते पाटावरून उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलंस, गुरुजींसमोर, सगळ्या काका-मावशांसमोर. "कशातून काढलंस?" विचारलंस. डागातून, म्हटलं. "कसला डाग?" पानाचा, म्हटलं. खोटं बोलता आलं असतं, बोलले नाही. त्यावर तू जे बोललास ते इथे लिहीत नाही, माझा कागद खराब होईल.

तेव्हा तुला किळस आली. त्याच चित्राची टाइल करून जिन्यात चिकटवताना नाही आली. मला कळतंय तू काय केलंस ते. थुंकीतून आलं ना, मग जाऊ दे परत थुंकीत, असंच ना? सूड उगवायचा तर माझ्यावर उगवायचास, बापाला कशाला मधे घेतलंस? तेही त्या माणसाला, जो रस्त्यात कुणी खाकरलं तरी पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

विनंती एवढीच आहे. जिथे जिथे ती टाइल लावली गेलीय तिथून ती काढ. बापाचं तोंड लोकांच्या पिचकारीपुढे मी राहू देणार नाही.

श्रिया


बाळकुम
२३ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. "मी दिलेलं नाही. आणि ते चित्र तुझं तरी कुठे आहे? डाग होता, तू फोटो काढलास." बास. सख्ख्या बहिणीला एवढंच. बाबा असते तर म्हणाले असते, शौनक, पत्राला मायना असतो.

तर आधी चित्राचं ऐक. कधी विचारलं नाहीस म्हणून आज सांगते. मी चित्र काढत नाही, मी बघत बसते. जिन्यातल्या, पुलाखालच्या, ऑफिसांच्या मागच्या दारातल्या पिचकाऱ्यांचे फोटो घेते. घेताना नाकाला ओढणी लावलेली असते, तरी ओकारी येते. कल्याणला एका बिल्डिंगमधे खरोखरच ओकले आणि वॉचमनच्या शिव्या खाल्ल्या, ज्याने थुंकलेलं त्याला तो कधी काही बोलला नसेल. लोकांना वाटतं मला त्या लाल रंगाचं प्रेम आहे. शी. माझ्याएवढी किळस तुम्हा कुणालाच येत नाही, तुम्ही तर त्याच्या बाजूने गप्पा मारत वर चढता.

घरी आले की फोटो टॅबलेटवर टाकते. उलटा करते, आडवा करते, रंग काढून टाकते, दाणे फुटेपर्यंत मोठा करते, आणि टॅबलेट मिक्सरला टेकवून ओट्यावर ठेवून देते. मग कुकर लावायचा, कांदा चिरायचा. सरळ बघायचं नाही. सरळ बघितलं की मनात असतं तेच दिसतं, आणि मनातलंच काढायचं तर डाग कशाला हवा? जाता-येता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. बरेचदा दिवसच्या दिवस काही नसतं, नुसती घाण असते. मग कधीतरी हात आपोआप थांबतो. म्हैस असते. छत्री धरलेली बाई असते. एकदा खाडी निघाली, काठाला लावलेल्या होडीसकट. ती बघून ॲनेटने टॅबलेटच उचलून घेतला, बाळकुमला टॉवर यायच्या आधी तिच्या आजोबांची होडी तशीच लावलेली असायची म्हणे. आणि दिसल्यावरही मी काही काढत नाही, फक्त खोडते. जे ते नाही, तेवढं खोडायचं. ब्रश लावायचा नाही, स्वतःची एक रेघ घालायची नाही. हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडलेला नाही.

बाबा असेच आले. मी त्यांना शोधत नव्हते, बटाटे सोलत होते. आधी कान दिसला. नुसता कान, लांब पाळीचा, दाढी केल्यावर ज्याच्या मागे साबण राहून जायचा आणि आई ऑफिसला निघताना पुसायची तो. मी बटाटा खाली ठेवला आणि ओट्याला टेकून रडले. मग कितीतरी दिवस हळूहळू बाकीचं खोडत होते. त्याला तू म्हणतोस, फोटो काढलास.

आता टाइलचं. डोंबिवलीत स्टेशनबाहेर एक दुकान आहे, टाइल्सवर देव छापून देतात. ॲनेटच्या मावशीच्या सोसायटीने तिथूनच घेतलेल्या. मालकाचं नाव देवेश, चेहऱ्यावरून सज्जन. मी कोण ते सांगितलं नाही. म्हटलं, हे बाबा कुठले हो?

"कोपरचे आहेत ताई. लय पॉवरफुल. लावलंय तिथे एक माणूस थुंकत नाय."

चित्र कुणी दिलं म्हणून विचारलं. "कोपरवरूनच आणून दिलेलं ना, घरातलेच आलेले. मी विचारलं फोटो कोणाचा, तर बोलले बाबांचा. मग वलय मीच टाकलं. बाबा म्हटल्यावर मागे वलय पायजे ना. एका सोसायटीने बघितलं, दुसरीने मागितलं, आता छापूनच ठेवतो."

बाबांचा. घरात आपण बाप म्हणून म्हणतो ते बाबा, त्याने ते बाबा करून टाकले. जो माणूस कुठल्या बुवाचं पोस्टर दिसलं तरी नाक मुरडायचा, त्याला. करून करून भागले नि देवपूजेला लागले म्हणतात, आपले तर थेट देवच झाले. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली त्यांची थप्पी बघून अंगावर काटा आला. आणि ते वलय. माझ्या चित्राला कुणीतरी ब्रश लावलाय, दादा. त्या माणसाने दात काढत तेच दाखवलं मला, काय भारी दिसतंय म्हणून.

"घरातलेच आलेले." घरात तू, विनितावहिनी आणि आई. वहिनी असल्या भानगडीत पडत नाही, आणि आईचे गुडघे तिला खाली वाण्यापर्यंतही नेत नाहीत. आता तूच सांग उरलं कोण.

श्रिया


बाळकुम
९ मार्च २०२५

दादा,

पुन्हा तीच तऱ्हा. "आईला यातलं काही विचारू नकोस. टाइलला हात लावू नकोस." चोर तो चोर, वर शिरजोर. आईच्या आडून किती दिवस बोलणार आहेस?

वहिनीशी बोलले, ती बिचारी खोटं बोलू शकत नाही. ती म्हणाली, आपल्या बिल्डिंगमधेही ती टाइल आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. हे ऐकलं आणि मी फोन ठेवून दिला, तिला म्हणावं राग मानू नकोस.

आता सांगूनच टाकते, कारण लपवण्यात काही राम राहिला नाही. तो डाग तिथलाच होता. त्याच वळणावरचा, त्याच कोपऱ्यातला. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण 'जिन्यातला डाग' एक वेळ चालतो, 'आपल्या जिन्यातला' म्हटलं की सगळ्यांना तोंडं फुटतात. बाबांचं तेराव्याचं आटोपून मी खाली उतरत होते, तो समोर आला, मी फोटो घेतला. दुसऱ्या कुठल्या जिन्याने उतरत असते तर दुसरा डाग घेतला असता. इतकंच आहे ते. कुणाचा होता देव जाणे. दूधवाला, केबलवाला, नाहीतर वरच्यांकडे रंगकाम करायला आलेले कोणी. बाबा सेक्रेटरी असताना ज्यांच्यासाठी सूचना लिहायचे त्यांतलाच कुणीतरी. "जिन्यात थुंकणे म्हणजे आपल्याच अन्नात थुंकणे होय. – त्र्यंबक, सचिव." ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, त्या वळणदार अक्षरात. मला ती सूचना अजून पाठ आहे, शाळेतून येताना रोज वाचायचे.

त्यांनी स्वतः तंबाखू केव्हाच सोडलेली. आपल्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली, आठवतंय तुला? आणि तरी कॅन्सर व्हायचा तो तोंडाचाच झाला. डॉक्टर विचारायचे, तंबाखू खाता का, आणि आई शांतपणे म्हणायची, फार वर्षांपूर्वी सोडली. कुणाचं कर्म कुणाच्या तोंडात येतं बघ.

अशा माणसाला तू थुंकीच्या कोपऱ्यात पहाऱ्याला बसवलंस. येत्या रविवारी दुपारी मी येते. छिन्नी-हातोडी घेऊन येते. आधी आपल्या जिन्यातली फोडणार, मग देवेशच्या दुकानात जाणार. तेवढा वेळ आईला घरात ठेव, तिने ते बघू नये.

श्रिया


बाळकुम
१८ मार्च २०२५

दादा,

रविवारी तू घरी नव्हतास. नेमके त्याच दुपारी वहिनीच्या माहेरी कल्याणला गेलेलात. मी पायऱ्या चढताना मनात म्हटलं, पळाला. काय झालं ते लिहिते. त्यातलं किती तुला आधीपासून माहीत होतं ते तू मला सांग.

धुळवडीचा रंग अजून पायऱ्यांवर तसाच होता. मी पिशवी सांभाळत वळणावर आले तर आई. पायरीवर बसलेली, बाजूला निळी बादली, हातात फडकं, आणि टाइल पुसत होती. आधी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"हातोडी आत्ता चालवू नकोस," म्हणाली. "दुपारची वेळ आहे, लोक झोपलेत."

म्हटलं, आई, तू ऊठ इथून, दादाने काय करून ठेवलंय तुला कल्पना नाही.

"शौनकने काही केलेलं नाही. दुकानात मी गेले होते, फ्रेम घेऊन, रिक्षा करून. त्याला सांगितलं होतं, श्रियाला कळू देऊ नकोस, ती ओरडेल."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. आई कशी बोलते तुला माहीत आहे, एकेक वाक्य पूर्ण करून, घाई न करता. तसंच तिने सांगितलं. बाबांनी तंबाखू सोडलीच नव्हती, पानातून खातच होते. संध्याकाळी स्टेशनवरून यायचे, या वळणावर थांबायचे, तोंड रिकामं करायचे, रुमालाने ओठ टिपायचे, तोंडात वेलदोडा टाकायचे आणि वर येऊन बेल दाबायचे. "दार उघडलं आणि वेलदोड्याचा वास आला की मी समजायचे, खाली डाग पडला." दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात चिटपाखरू नसलं की ती हीच बादली घेऊन उतरायची आणि घासायची. आणि वर बाबाच सूचना लिहायचे. दूधवाल्याला सगळ्यांदेखत झापायचे. तो बिचारा शपथा घ्यायचा.

मी विचारलं, एकदाही बोलली नाहीस त्यांना?

"काय बोलायचं? ते म्हणाले होते, सोडली. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते. मग सोडली."

दादा, मला त्या वेलदोड्याची शिसारी आली. ते आल्या आल्या मला उचलून घ्यायचे, आणि मला तो वास आवडायचा. मला वाटायचं बाबांचा वासच तसा आहे.

मग तिने शेवटच्या डागाचं सांगितलं. हॉस्पिटलात शेवटचं नेलं त्याच्या आदल्या दिवशी ते भिंत धरून खाली गेले, जरा पाय मोकळे करतो म्हणाले, आणि वर येताना इथे थुंकले. त्यात पानाचं लाल किती आणि त्यांचं स्वतःचं किती, कोण जाणे. आईने तो पुसला नाही. "गुडघे दुखतात हे निमित्त झालं. मनात म्हटलं, आता राहू दे. दिसला लोकांना तर दिसू दे. रोज जाता-येता बघत होते मी त्याच्याकडे." मग म्हणाली, "तू फ्रेम घेऊन आलीस ना, तेव्हा सगळ्यांना आधी चेहरा दिसला. मला आधी डाग दिसला. चेहरा मागून दिसला."

मी जगभर सांगत फिरते की मनातलं डागात शोधायचं नाही, डाग आपोआप काय दाखवतो ते बघायचं. आणि इथे त्या डागात माझा बाप मुळातच होता. त्याच्याच तोंडातून पडलेला. मी काय शोधलं आणि काय खोडलं, मला काही कळेना. आई आपली टाइल पुसत राहिली.

मग सोसायटीने जिना रंगवला, आई सांगत होती. डाग गेला. आठवडा गेला नसेल, दुसरंच कुणीतरी तिथे थुंकलं. "मला इतका राग आला, श्रिया. ह्यांच्या जागेवर," आई म्हणाली आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच हसली. "मग म्हटलं, बसा आता इथेच. जन्मभर लोकांना सांगितलंत ना थुंकू नका? आता सांगा. दुकानदाराने विचारलं, फोटो कुणाचा. मी म्हटलं, बाबांचा. घरात म्हणतो तसं तोंडातून गेलं. त्याने वलय लावून दिलं, तर म्हटलं, असू दे." वरच्या मजल्यावरच्या आवडाबाई रोज सकाळी फूल ठेवतात म्हणे तिथे. हे सांगताना तर ती इतकी हसली की बादलीला धक्का लागून पाणी सांडलं. मला हसू आलं नाही. मला तिची, त्यांची, त्या फुलाची, सगळ्यांची किळस आली, आणि तिचा हात धरून तिला उठवावंसंही वाटलं. तिला स्वतःहून उठता येत नव्हतं.

उठल्यावर म्हणाली, "काढायची तर काढ. चित्र तुझं आहे. पण मग उद्यापासून डाग पडणार, आणि मला आता वाकवत नाही."

हातोडी पिशवीतच राहिली. वर गेलो, तिने चहा टाकला. वेलदोडा घातला नाही.

निघताना एकटीच उतरत होते. तेवढ्या वेळात कुणीतरी येऊन गेलेलं. ओली, ताजी पिचकारी, बरोब्बर बाबांच्या तोंडावर, तिथून दाढीवरून खाली ओघळत होती. देवेशला सांग, एक माणूस थुंकला. तोवर माझा हात पर्समधे जाऊन फोन बाहेरही काढून झालेला, सवयीने. आणि खरं सांगते तुला, ते लाल अजून खाली सरकतंय तोवर एका बाजूला मला काहीतरी दिसायला लागलेलं. कान असावा. कुणाचा ते कळायला थोडं थांबावं लागलं असतं.

मी थांबले नाही. फोन परत ठेवला आणि ओढणीने पुसलं. ओकारी आली, तोंड दाबून धरलं आणि टाइलच्या कडेच्या फटीतलंही पुसून काढलं. बाबा परत होते तसे बसले.

ओढणी घरी येऊन भिजवली, धुतली, परत धुतली. डाग गेलेला नाही. काताचा डाग जात नाही, ॲनेट म्हणते, फेकून दे. अजून बाथरूममधे टांगून ठेवलीय, आणि आत जाताना मी तिच्याकडे बघत नाही.

तुला अनब्लॉक केलंय. आईसाठी माझ्या एवढ्या शिव्या गप्प बसून खाल्ल्यास, तेवढं लक्षात ठेवीन. वर्षश्राद्धाला बोललास तेही लक्षात ठेवीन. देवेशकडे मी अजून गेलेले नाही, बाकीच्या जिन्यांचं काय करायचं ते आईलाच ठरवू दे, नवरा तिचा आहे. आपल्या जिन्यासाठी मी दर रविवारी येत जाईन. आईला वाकवत नाही, तुला किळस येते, आणि वहिनीने का करावं? बादली घरातली चालेल. फडकं माझं मी आणीन.

श्रिया